पार्सल आलं आणि वर पैसे लागले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्सलवर अचानक लागणाऱ्या पैशांबद्दल लोक पुन्हा पुन्हा तेच विचारतात. ही उत्तरं त्याच प्रश्नांची आहेत. ऑनलाइन खरेदी, कुरिअर, ट्रान्सपोर्ट, पोस्ट आणि परदेशातलं पार्सल या प्रत्येकाची पैसे लावण्याची पद्धत वेगळी असते. म्हणून आधी आपलं पार्सल यांपैकी कशातून आलंय ते पाहा आणि तेवढाच भाग वाचा. एक प्रश्न मात्र सगळीकडे विचारायचा : हा आकडा मला पैसे भरण्याआधी दाखवला होता का? बहुतेक भांडणांचा निकाल या उत्तरावरच लागतो.

## ऑनलाइन खरेदी

१. वस्तूची किंमत ४९९ दिसत होती, पैसे भरताना ५९८ झाले. मधले ९९ रुपये कसले?

शेवटच्या पानावर 'प्राइस डिटेल्स' किंवा 'बिल समरी' असं लिहिलेलं असतं. त्याच्या शेजारचा छोटा बाण दाबला की फोड दिसते. अशा बिलात साधारणपणे ४९९ ची वस्तू, ७० डिलिव्हरी, ९ प्लॅटफॉर्म किंवा हँडलिंग फी आणि २० कॅश ऑन डिलिव्हरीचे असतात. किराणा पोचवणाऱ्या ॲपवर यात 'स्मॉल कार्ट' फी येते, म्हणजे ठरावीक रकमेपेक्षा कमीचं सामान घेतल्याचे पैसे. पाऊस असला किंवा रात्र असली तरी वेगळी फी लागू शकते. या सगळ्या फीवर जीएसटीही असतो. ॲपवरून होणाऱ्या स्थानिक डिलिव्हरीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी भरायची जबाबदारी ॲपवाल्या कंपनीवर आहे, आणि ती रक्कम बिलात आपल्याकडूनच वसूल होते.

ऑर्डर देण्याआधी फोडीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा उपयोगी पडतो. ऑर्डर झाल्यावर ते पान पुन्हा तसंच दिसेल याची खात्री नसते.

२. ही फी शेवटच्या क्षणी दाखवणं कायद्यात बसतं का?

फी लावायला बंदी नाही. ती लपवायला बंदी आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात सांगायची असते आणि तिची फोडही द्यायची असते. डिलिव्हरी, पोस्टेज, हाताळणी, वाहतूक, कर हे सगळं त्या फोडीत यायला हवं. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत. आपल्या कामाचे त्यातले दोन :

'ड्रिप प्रायसिंग' म्हणजे किमतीचा काही भाग आधी न दाखवता थेंबथेंब पुढे आणणं, किंवा चेकआउटला दाखवलेल्या रकमेपेक्षा जास्त घेणं.

'बास्केट स्नीकिंग' म्हणजे न विचारता टोपलीत काहीतरी टाकणं, जसं देणगी, विमा किंवा वर्षाचं सदस्यत्व.

इथे बरेच जण फसतात. खरेदीच्या वेळी उघड सांगितलेली आवश्यक फी 'बास्केट स्नीकिंग' धरली जात नाही. म्हणून पैसे भरण्याआधी ७० रुपये डिलिव्हरी स्पष्ट दाखवली असेल तर 'मला चोरून लावली' ही तक्रार टिकणार नाही. तीच फी पैसे भरल्यानंतर वाढली, किंवा देणगीचा चौकोन आधीच टिक करून ठेवला होता, तर टिकते. आधीच टिक केलेल्या चौकोनाला ग्राहकाची संमती धरता येत नाही, असं २०२० च्या नियमांतच आहे.

३. 'फ्री डिलिव्हरी' लिहिलं होतं, तरी चार्ज लागला. का?

बहुतेक वेळा कारण या चारांपैकी एक निघतं.

पहिलं म्हणजे मर्यादा. '४९९ च्या वर फ्री' असेल तर कूपन वजा झाल्यावर उरणारी रक्कम पाहिली जाते. ५२० ची खरेदी ५० च्या कूपनने ४७० वर आली की फ्री गेली.

दुसरं, एकाच टोपलीत दोन विक्रेत्यांच्या वस्तू असतील तर डिलिव्हरी विक्रेत्यागणिक लागते. वस्तूखाली 'सोल्ड बाय' काय आहे ते वाचा.

तिसरं, पिनकोड. पान उघडताना जुना पत्ता निवडलेला असतो आणि शेवटी गावचा पत्ता टाकला की आकडा बदलतो.

चौथं, फ्री डिलिव्हरीची खूण वस्तूवर नसून सदस्यत्वावर असते.

या चारांत काहीच बसत नसेल आणि पानावर विनाअट 'फ्री' असेल तर ती फसवी जाहिरात आहे. स्क्रीनशॉटसह तक्रार करा (प्र. १८).

४. पाकिटावर एमआरपी २०० आहे. डिलिव्हरी धरून २४० घेतले. एमआरपीपेक्षा जास्त घेणं गुन्हा नाही का?

वस्तूची किंमत म्हणून २०० च्या वर एक रुपयाही घेता येत नाही. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे 'वर जीएसटी' हेही चालत नाही. पण घरी आणून देणं ही वेगळी सेवा आहे आणि तिचे पैसे वेगळे घेता येतात. बिल पाहा. 'वस्तू २००, डिलिव्हरी ४०' असेल तर तक्रार होत नाही. 'वस्तू २४०' असेल तर वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजनमापं आणि छापील किंमत तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे जा. बिलच दिलं नसेल तर आधी बिल मागा.

५. कॅश ऑन डिलिव्हरी आहे. दारात आलेला मुलगा बिलापेक्षा ३० रुपये जास्त मागतोय.

देऊ नका. कॅश ऑन डिलिव्हरीची रक्कम पार्सलच्या लेबलवर छापलेली असते, बारकोडजवळ 'सीओडी' किंवा 'कलेक्ट' या शब्दापुढे. तेवढीच द्यायची. 'सुटे नाहीत', 'चौथा मजला', 'पेट्रोल महागलं' ही कारणं ऐकून जास्त देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. मात्र आवाज चढवू नका. बहुतेकदा त्या मुलाला प्रत्येक पार्सलमागे ठरलेले पैसे मिळतात, दर ठरवणं त्याच्या हातात नसतं. लेबल दाखवा, यूपीआयने नेमकी रक्कम भरा आणि लेबलचा फोटो ठेवा.

लेबलवरचीच रक्कम ॲपमधल्या रकमेपेक्षा जास्त असेल तर पार्सल न घेता परत पाठवा. घेतल्यावर भांडण अवघड होतं.

कॅश ऑन डिलिव्हरीची वेगळी फी हा वादाचा विषय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने या फीची चौकशी सुरू असल्याचं जाहीर केलं होतं. फी आधी दाखवली नसेल तर तक्रारीत 'ड्रिप प्रायसिंग' हा शब्द मुद्दाम लिहा.

६. वस्तू खराब निघाली. परत घेतली, पण डिलिव्हरीचे ७० रुपये कापले.

वस्तू सदोष, बनावट, वर्णनाप्रमाणे नसलेली किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेली असेल तर विक्रेता परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. उशिराला अपवाद एकच, पूर-वादळासारखी हाताबाहेरची आपत्ती. चूक विक्रेत्याची असताना जाण्यायेण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी मारणं चुकीचं आहे. पूर्ण रकमेचा परतावा मागा.

'रंग आवडला नाही', 'माप बसलं नाही' ही गोष्ट वेगळी. तिथे विक्रेत्याचं छापील धोरण चालतं आणि परत नेण्याचे पैसे लागू शकतात. म्हणून परतीचं कारण निवडताना खरं आणि नेमकं कारण निवडा. शर्टाची शिवण उसवलेली असताना घाईत 'माप चुकलं' दाबलं तर हक्काचे पैसे जातात.

ऑर्डर रद्द केल्याचा दंडही सरसकट लावता येत नाही. कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करते तेव्हा तीही तेवढेच पैसे तुम्हाला देत असेल तरच तिला तो लावता येतो.

## कुरिअर

७. घरच्या काट्यावर ३ किलो ८०० ग्रॅम भरलं. कुरिअरवाल्याने ६ किलोचे पैसे घेतले. काटा खोटा आहे का?

काटा बहुधा खरा असतो. दुसरं वजन लावलेलं असतं, ते म्हणजे आकारमानाचं, म्हणजेच 'व्हॉल्युमेट्रिक' वजन. गाडीत किंवा विमानात जागा मोजकी असते. उशा भरलेला खोका हलका असला तरी जागा खातो, म्हणून जागेचं वजन करतात.

सूत्र असं : लांबी × रुंदी × उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. उत्तर किलोत येतं.

तुमचा खोका ४० × ३० × २५ असेल तर गुणाकार ३०,०००. भागिले ५०००, म्हणजे ६ किलो. खरं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त ते बिलात लागतं. त्यावर अर्धा किलोच्या टप्प्याने वर नेतात, म्हणजे ६.१ आलं तर ६.५ धरतात. रस्त्याने जाणाऱ्या मालाला काही कंपन्या ५००० ऐवजी ४५०० किंवा ४००० ने भागतात. भाजक लहान झाला की वजन वाढतं, म्हणून 'भाजक कितीचा?' हे दर विचारतानाच विचारा.

८. मग खोका कसा भरायचा?

पैसे वाचवायची खरी जागा हीच आहे.

वरच्याच खोक्याची उंची २५ वरून १८ केली तर ४० × ३० × १८ = २१,६००, म्हणजे ४.३२ किलो. टप्प्याने ४.५. तेच सामान, आणि दीड किलोचे पैसे वाचले. खोका उंच असेल तर चारही कोपरे कटरने उभे चिरा, सामानाच्या पातळीला दुमडा आणि टेप मारा.

खोका फुगू देऊ नका. मोजणारं यंत्र सर्वांत बाहेर आलेला बिंदू धरतं. टेपखाली वर आलेला दोन सेंटिमीटरचा फुगवटाही ४० × ३० च्या खोक्यात अर्धा किलो वाढवतो. सुतळीची मोठी गाठ, बाहेर आलेला दांडा, पिशवीचं कान हेही मोजलं जातं. गोधडी, स्वेटर, साड्या अशा मऊ गोष्टी खोक्यात न घालता जाड प्लास्टिकच्या कुरिअर पिशवीत हवा दाबून भरा. पुस्तकं आणि भांडी याच्या उलट असतात. त्यांचं खरं वजनच जास्त भरतं, तिथे आकाराची चिंता नको.

काचेचं सामान असेल तर चारही बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर गादी लागतेच. तिथे आकार कमी करायला जाऊ नका.

९. काउंटरवर ४२० घेतले, दोन दिवसांनी 'वजनात फरक, अजून १६० भरा' असा मेसेज आला.

मोठ्या केंद्रावर पार्सल पट्ट्यावरून जाताना यंत्र वजन आणि माप पुन्हा घेतं. फरक आला की पाठवणाऱ्याकडे मागणी येते. ती खरी आहे का ते असं तपासा : आधी यंत्राचं माप आणि फोटो मागा. मग प्र. ७ चं सूत्र लावा. तुमच्याकडे बंद खोक्याचा टेपपट्टी लावलेला आणि काट्यावर ठेवलेला, असे दोन फोटो असतील तर वाद सहसा तुमच्या बाजूने सुटतो. हे फोटो काउंटरवरच काढा. घरी काढलेल्या फोटोत 'नंतर सामान वाढवलं' असं म्हणायला जागा राहते.

पैसे थेट कुरिअरच्या कार्यालयात किंवा त्यांच्या ॲपमध्येच भरा. मेसेजमधल्या लिंकवर भरू नका. का, ते प्र. १६ मध्ये आहे.

१०. तालुक्याच्या गावी आमचं पार्सल 'ओडीए' म्हणून थांबलं, जादा पैसे मागतात.

ओडीए म्हणजे कुरिअरच्या नेहमीच्या वाटपाच्या हद्दीबाहेरचा पिनकोड. कोकणातल्या वाड्या, मेळघाट, गडचिरोलीचा आतला भाग इथे हे हमखास लागतं. हे पैसे बुकिंगच्या वेळी पाठवणाऱ्याने भरायचे असतात, कारण पिनकोड तेव्हाच माहीत असतो. पार्सल पोचल्यावर घेणाऱ्याकडे मागत असतील तर पाठवणाऱ्याची पावती मागवून घ्या. पावतीवर 'पेड' असेल तर तुमचा संबंध नाही, कंपनीने पाठवणाऱ्याशी बोलावं.

अशा गावांना पोस्टच बरं, हे आमचं स्पष्ट मत आहे. स्पीड पोस्ट गावोगावच्या पोस्टमनपर्यंत जातं आणि गाव आडवाटेला आहे म्हणून वेगळे पैसे घेत नाही. दर वजन आणि अंतर यावर असतो, वर १८ टक्के जीएसटी. ओटीपी दाखवूनच पार्सल द्यायची सोय हवी असेल तर ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे नगामागे ५ रुपये आणि जीएसटी वेगळे.

## ट्रान्सपोर्ट आणि ट्रॅव्हल्स

११. आंब्याची पेटी मागवली, पैसे आधीच दिले होते. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो 'टू-पे आहे, भाडं द्या, मग पेटी न्या.'

बागायतदाराला तुम्ही आंब्याचे पैसे दिलेत, भाड्याचे दिले नसावेत. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीवर, दोन शब्दांपैकी एक असतो : 'पेड' किंवा 'टू-पे'. टू-पे म्हणजे भाडं माल सोडवून घेणाऱ्याने द्यायचं. भाडं मिळेपर्यंत ट्रान्सपोर्टवाला माल अडवून ठेवू शकतो. आणि हापूस थांबत नाही. मे महिन्यात गोदामाच्या पत्र्याखाली दोन दिवस गेले तर खालच्या थरातले आंबे काळे पडतात. म्हणून भाडं भरून, पावती घेऊन पेटी आधी सोडवा. पाठवणाऱ्याशी हिशोब नंतर करा.

पुढच्या वेळी मागवताना एकच वाक्य विचारा, तेही लेखी : 'पोच भाव आहे की भाडं वेगळं?' उत्तर व्हॉट्सॲपवर असलं तरी चालतं.

१२. बिल्टीवर भाडं १८०, घेतले ३१०. बाकीचे कसले?

भाड्याखेरीज बिल्टी करण्याचे पैसे, दोन्ही टोकांची हमाली, मालाच्या किमतीवर लागणारे जोखमीचे पैसे आणि घरपोच हवं असेल तर टेम्पोचे पैसे असतात. माल दिलेल्या मुदतीत उचलला नाही तर दिवसाला डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार लागतो. ही मुदत बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात असते. फोन आला की त्याच दिवशी जा.

हमाली नगावर असते की वजनावर ते विचारा. नगावर असेल तर चार लहान खोके एका पोत्यात शिवून पाठवलेले स्वस्त पडतात. प्रत्येक बाब पावतीवर लिहून द्यायला सांगा. लिहून द्यायला नकार मिळाला की बऱ्याचदा मागणीही तिथेच संपते.

१३. मुंबईत पार्सल येताना 'जकात' म्हणून पैसे मागितले.

मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला त्याच दिवशी बंद झाली. या नावाने आज कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

## परदेशातून आणि परदेशात

१४. भाचीने परदेशातून वाढदिवसाची भेट पाठवली. कुरिअर कंपनी कस्टमचे पैसे मागते. भेटीवर कर कसा?

भेटीची जुनी सूट डिसेंबर २०१९ मध्ये गेली. तेव्हापासून पोस्टाने किंवा कुरिअरने आलेली वस्तू 'भेट' म्हणून करमुक्त सोडवता येत नाही. राखी आणि जीव वाचवणारी औषधं तेवढी वगळली आहेत. राखीसोबत ठेवलेलं घड्याळ किंवा परफ्यूम मात्र त्या सवलतीत येत नाही. बाकी सगळ्यावर पूर्ण कर भरावा लागतो.

मोठा धक्का रकमेचा बसतो, कारण कर फक्त वस्तूच्या किमतीवर नसतो. वस्तू, विमा आणि पाठवण्याचा खर्च यांची बेरीज करून त्यावर लागतो. समजा ४,००० ची वस्तू आणि कुरिअरचे २,५०० आहेत. मग कर ६,५०० आणि विमा यांच्या बेरजेवर लागतो. आधी सीमाशुल्क, मग ही बेरीज आणि सीमाशुल्क मिळून जे होईल त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. वर कुरिअर कंपनीची स्वतःची फी असते, कारण तिने तुमच्या वतीने सरकारकडे पैसे आधी भरलेले असतात. सीमाशुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या पार्सलवरून अंदाज बांधू नका.

पैसे देण्याआधी 'बिल ऑफ एंट्री'ची, म्हणजे कस्टमकडे भरलेल्या आयातीच्या कागदाची प्रत मागा. तिच्यात वस्तूचं वर्णन आणि किंमत बरोबर आहे का पाहा. भाचीने १,५०० ची वस्तू चुकून १५,००० लिहिली असेल तर खरेदीचं बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा देऊन दुरुस्ती मागता येते. हे कर भरण्याआधी करायचं, नंतर परतावा मिळवणं फार लांबतं. केवायसीसाठी आधारची प्रत मागतात, ते खरं आहे. ती फक्त कंपनीच्या अधिकृत पानावर चढवा.

पोस्टाने आलेली मुंबई भागातली पार्सलं बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात तपासली जातात आणि कर पोस्टमन दारात पावती देऊन घेतो.

घ्यायला नकार देता येतो. पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जातं किंवा सोडून दिलेलं धरतात. परतीचं भाडं मात्र भाचीच्या गळ्यात पडू शकतं, म्हणून आधी तिला विचारा.

१५. अमेरिकेत मुलाला फराळ पाठवायचा आहे. पूर्वी काही लागत नव्हतं, आता कर सांगतात.

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी बंद झाली. भारतीय पोस्टाने त्याआधीच बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. १५ ऑक्टोबर २०२५ ला सेवा पुन्हा सुरू झाली ती बुकिंगच्या वेळीच कर घेऊन. त्यामुळे तिकडे मुलाच्या दारात मागणी येत नाही, पैसे इथेच लागतात. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीला सूट आहे. यादीवर 'गिफ्ट' लिहा, प्रत्येक पदार्थ वेगळा लिहा : चकली १ किलो, शेव ५०० ग्रॅम, चिवडा १ किलो. नुसतं 'फूड आयटम्स' लिहिलं की पार्सल अडतं.

घरी केलेला फराळ भेट म्हणून पाठवला तर अमेरिकेच्या एफडीएला (अन्न आणि औषध खात्याला) आगाऊ सूचना द्यावी लागत नाही. दुकानातून घेतलेल्या पाकिटांना ती लागते आणि कुरिअरवाले त्याचे वेगळे पैसे लावतात. दोन्ही एका खोक्यात घालू नका. घरच्या पदार्थांवर 'घरी केलेलं' हे इंग्रजीतही लिहा.

ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या भेटीला आयात व्हॅट नाही, युरोपीय संघात ४५ युरोपर्यंत. पण या दोन्हीकडे दुधाचे पदार्थ भारतातून पाठवू नका. पेढे, बर्फी, खव्याचं काहीही जप्त होऊन नष्ट केलं जातं, आणि केलेला खर्च परत मिळत नाही. बेसनाच्या लाडवातलं तूपही दुधाचंच. तिथे शंकरपाळी, चकली, शेव तेलातली करून पाठवा. घेणाऱ्या घराला कर लागू नये असं वाटत असेल तर बुकिंग करताना 'डीडीपी' मागा, म्हणजे तिकडचा कर पाठवणारा आधी भरतो.

## फसवणूक

१६. 'पत्ता अपुरा आहे, पार्सल पुन्हा पाठवायला २५ रुपये भरा' असा मेसेज आला. भरू का?

नाही. २५ रुपये हे आमिष आहे, त्यांना कार्डाची माहिती हवी असते. भारतीय पोस्टाच्या नावाने असे मेसेज वर्षानुवर्षं फिरतात आणि सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने ते खोटे असल्याचं वेळोवेळी सांगितलं आहे.

खरं-खोटं असं ओळखा. पार्सल खरं असेल तर त्याचा ट्रॅकिंग क्रमांक असतो. लिंक न दाबता तो क्रमांक कंपनीच्या साइटवर स्वतः टाइप करा. तिथे काही दिसलं नाही तर मेसेज पुसून टाका. डिलिव्हरीचा ओटीपी आणि बँकेचा ओटीपी वेगळे असतात. ओटीपीच्या मेसेजमध्ये रुपयांचा आकडा आणि बँकेचं नाव असेल तर तो कुणालाही सांगायचा नाही. 'पार्सलवाल्याशी बोलायला *४०१* किंवा *२१* ने सुरू होणारा नंबर दाबा' असं सांगितलं तर फोन ठेवा. त्याने तुमचे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात आणि बँकेचे कॉलही तिकडेच जातात.

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम गोठवण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

१७. मी काही मागवलं नाही, तरी आईच्या नावाने ६९९ चं कॅश ऑन डिलिव्हरी पार्सल आलं. आईने पैसे देऊन घेतलं.

हा प्रकार घरातल्या ज्येष्ठांना धरून होतो. 'मुलाने मागवलं असेल' म्हणून ते पैसे देतात आणि आत जुना रुमाल किंवा स्वस्त काहीतरी निघतं. लेबलवरचं पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि ट्रॅकिंग क्रमांक यांचा फोटो काढून त्याच दिवशी कुरिअर कंपनीला कळवा. गोळा झालेली रोकड विक्रेत्याकडे काही दिवसांनी जाते, तोवर अडवता येते. घरात एक नियम करा : ज्याने मागवलं त्याने आधी सांगायचं, न सांगितलेलं पार्सल कुणीही सोडवून घ्यायचं नाही. आईला हे रागावून सांगू नका, चूक तिची नाही.

## तक्रार

१८. नेमकी तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे, बहुतेकदा अगदी खाली असतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. चॅटवरच्या उत्तरांवर अवलंबून राहू नका, ईमेल करा. ईमेलमध्ये चारच गोष्टी हव्यात : ऑर्डर किंवा पावती क्रमांक, सांगितलेली रक्कम, घेतलेली रक्कम, हवा असलेला परतावा. सोबत स्क्रीनशॉट.

तिथे काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं. पोस्टाबद्दल असेल तर १८०० २६६ ६८६८.

त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीचं मुख्य कार्यालय बंगळुरूला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

१९. रक्कम ८० रुपयांची आहे. इतकं करण्यात अर्थ आहे का?

आयोगापर्यंत जायची गरज बहुधा पडत नाही. पण १९१५ ला जरूर फोन करा, दहा मिनिटं लागतात. एकाच कंपनीबद्दलच्या तक्रारी तिथे एकत्र नोंदल्या जातात आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यावरून स्वतःहून कारवाई करू शकतं. तुमच्या ८० रुपयांसारखेच आणखी कितीतरी जणांचे ८० रुपये गेलेले असतात, आणि ते मोजले जातात ते अशाच नोंदींतून.

२०. विक्रेता कंपनी नाही. फोनवरून साड्या विकणाऱ्या ताई आहेत. त्यांनी नंतर 'कुरिअर १५० झालं' असं कळवलं.

कायदा त्यांनाही लागू आहे, पण इथे बोलून प्रश्न सुटतो. कुरिअरची पावती मागा. पावती १५० ची असेल तर त्यांनाही प्र. ७ मधल्या वजनाचा फटका बसलेला असतो, फरक वाटून घेणं योग्य. पावती ९० ची असेल तर ९० च द्या. नियमित घेत असाल तर त्यांना प्र. ८ वाचायला द्या. साडी खोक्यातून पिशवीत आली की दोघींचेही पैसे वाचतील.